हात उगारण्याआधीची पाच मिनिटं

नागपूरच्या धरमपेठेत दिवेलागणीला गोकुळपेठच्या बाजारात भाजीवाल्यांचे आवाज टिपेला पोचलेले असतात, लक्ष्मीभुवन चौकात गाड्यांना हलायला जागा नसते. त्याच वेळी आतल्या गल्लीतल्या एखाद्या फ्लॅटमध्ये ऐंशी ओलांडलेले निवृत्त अभियंते दाराची कडी ओढत असतात. त्यांना घरी जायचं असतं. रुग्णसेवा ब्युरोकडून आलेली बाई समजावते, "काकाजी, हेच तर तुमचं घर आहे नं." ते ऐकत नाहीत. ती मनगट धरते, ते झटकतात, ती आणखी घट्ट धरते आणि पुढच्या क्षणी तिच्या गालावर थप्पड बसते. मुलगा बंगळुरूला असतो. सून फोनवर रडवेली होते. उभ्या आयुष्यात ज्यांनी कोणाला अरे-तुरे केलं नाही, ते बाबा असे कसे वागले, हे तिला उमगत नाही.

हा प्रसंग कोण्या एका घरचा नाही. जुने बंगले जाऊन इमारती उभ्या राहिल्या, मुलं पुण्याला, बंगळुरूला, अमेरिकेला गेली. मागे राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या दिमतीला बारा-बारा तासांच्या पाळीने येणारी बाई किंवा एखादा तरुण मुलगा आला, आणि घराचा बघता बघता वॉर्ड झाला. रुग्णालयातल्या वॉर्डात निदान हाक मारली तर दुसरी सिस्टर धावून येते. इथे ती बाई एकटी असते.

शुश्रूषेच्या ठिकाणची मारहाण वर्तमानपत्रात येते ती बहुधा डॉक्टरवर हल्ला झाला की. पण रोजच्या रोज फटके, ओरखडे, चावे आणि शिव्या सोसतात त्या सिस्टर, ब्रदर, वॉर्डातले मामा-मावशी आणि घरोघरच्या आया. त्यांना सहसा कोणी काही शिकवलेलं नसतं. दुसऱ्या बाजूला रुग्णही सोसतो: बांधला जातो, दाबून धरला जातो, गुंगीच्या औषधाखाली दिवसचे दिवस पडून राहतो. या दोघांनाही इजा न होता भडकलेला माणूस शांत कसा करावा, यावर जगात गेली दोनशे वर्षं विचार झाला आहे आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत त्याची मोजदादही झाली आहे. त्यातलं फार थोडं आपल्या घरांपर्यंत पोचलं.

सुरुवात शरीरापासून करायला हवी, कारण चुकतं ते तिथेच. म्हातारं माणूस काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत एकाएकी बदललं, कालपर्यंत शांत होतं आणि आज अंगावर धावून येतं, तर तो स्वभाव नसतो आणि बहुधा निव्वळ स्मृतिभ्रंशही नसतो. तो असतो तीव्र संभ्रम, ज्याला डॉक्टर डिलिरियम म्हणतात. त्याची कारणं बहुतेक वेळा साधी आणि बरी होण्याजोगी असतात. लघवीचा जंतुसंसर्ग, तुंबलेली लघवी, चार दिवसांचं बद्धकोष्ठ, रक्तातलं सोडियम उतरणं, छातीतला कफ, नव्याने सुरू झालेली झोपेची गोळी. मधुमेही माणसाची साखर खाली गेली की तो घामाघूम होतो, चिडतो, हात झटकतो. त्या वेळी त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा बोटाला सुई टोचून साखर बघणं केव्हाही शहाणपणाचं. नागपूरकरांनी यात उन्हाळाही मोजायला हवा. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो तेव्हा तहान न सांगू शकणारा वृद्ध आतून कोरडा पडत जातो. उष्माघातात माणूस कोसळण्याआधी बरळतो, चिडतो, माणसं ओळखेनासा होतो.

दारूचं असंच. अपघातात पाय मोडून भरती झालेला, रोज पिणारा माणूस पहिला दिवस बरा असतो. शेवटच्या घोटाला दोन-तीन दिवस उलटले की त्याचे हात थरथरतात, भिंतीवर किडे दिसतात, सलाईन उपटून तो खाटेवरून उडी मारतो. वॉर्डात बोभाटा होतो की पेशंट वेडा झाला. खरं तर त्याचा मेंदू दारू तुटल्याच्या झटक्यात असतो, आणि वेळेवर औषध मिळालं नाही तर हा झटका जीवही घेतो. भरती होताना "रोज किती घेता?" हा प्रश्न न लाजता, न हिणवता विचारला असता तर तिसऱ्या रात्रीची झटापट टळली असती.

स्मृतिभ्रंशात वेदना सांगता येत नाही, हीसुद्धा एक मोठी अडचण. नॉर्वेत १८ शुश्रूषागृहांतल्या ३५२ रुग्णांवर झालेला अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. मध्यम ते तीव्र स्मृतिभ्रंश आणि त्रासदायक वागणूक असलेल्या या रुग्णांपैकी निम्म्यांना ठरावीक पायऱ्यांनी वेदनाशामक दिलं गेलं. बहुतेकांना लागलं ते साधं पॅरासिटामॉल. आठ आठवड्यांत त्यांची अस्वस्थता सरासरी १७ टक्क्यांनी उतरली. गुडघा दुखत होता, दाढ ठणकत होती, आणि भोवतालच्या लोकांना दिसत होता तो फक्त राग. भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीतून पुढे आला. यातले किती जण नुसत्या दुखण्यापायी आरडाओरडा करत असतील, याचा विचार मनाला चटका लावतो.

आंघोळ ही अशीच दुसरी अडचण. ओळख हरवलेल्या माणसाला कोणी अनोळखी व्यक्ती कपडे काढायला लावते, अंगावर पाणी ओतते. तो हात उगारेल नाही तर काय करेल? अमेरिकेत १५ शुश्रूषागृहांतला एक प्रयोग २००४ साली प्रसिद्ध झाला. एका गटात आंघोळीची वेळ, पाण्याची ऊब, अंग झाकून ठेवणं हे सगळं त्या त्या माणसाच्या कलाने केलं. दुसऱ्या गटात खाटेवरच कोमट ओल्या टॉवेलने अंग पुसलं. पहिल्या गटात मारहाणीचे प्रसंग ५३ टक्क्यांनी, दुसऱ्यात ६० टक्क्यांनी घटले. यासाठी नवं यंत्र लागलं नाही, औषध लागलं नाही. "आजींना रोज सकाळी सातला आंघोळ झालीच पाहिजे" हा हट्ट मात्र सोडावा लागला.

शरीर तपासून झालं आणि तरीही राग चढतो आहे, तेव्हा काय करायचं? अमेरिकेतल्या आपत्कालीन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ साली या प्रश्नावर एकमताने मार्गदर्शक सूत्रं मांडली. प्रोजेक्ट बीटा या नावाने ती जगभर शिकवली जातात. त्यातलं सर्वांत दिलासा देणारं निरीक्षण असं की बोलून शांत करण्याचा प्रयत्न नीट केला तर अनेकदा पाच मिनिटांच्या आत यश येतं. घाईच्या वॉर्डात पाच मिनिटंही जड वाटतात हे खरं. पण चौघांनी धरणं, इंजेक्शन भरणं, बांधणं, नोंदी करणं आणि पुढचे चार तास बांधलेल्या माणसावर नजर ठेवणं, या सगळ्याचा हिशेब केला तर ती पाच मिनिटं फार स्वस्त पडतात.

या सूत्रांचा पहिला नियम अंतराचा. दोन हातांइतकं अंतर राखायचं, समोर छाती काढून उभं न राहता जरा तिरकं उभं राहायचं, हात उघडे आणि दिसतील असे ठेवायचे. दार कोणाच्याच पाठीमागे अडकून राहू नये. त्यालाही बाहेर जाता यावं, आपल्यालाही. आपल्याकडच्या लहान खोल्यांत ही गोष्ट आधीच ठरवून ठेवावी लागते. गळ्यातली ओढणी, ओळखपत्राची फीत, हातातला उकळता चहा, खाटेशेजारच्या ताटलीतली कात्री, या वस्तू आधी बाजूला कराव्यात. खाटेवर पडलेल्या माणसाच्या डोक्याशी उभं राहून बोललं की तो घाबरतो, म्हणून शक्य असेल तिथे बसून, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर येऊन बोलावं.

दुसरा नियम: बोलणारं माणूस एकच. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. आजोबा चिडले की सून, शेजारी, वॉचमन आणि फोनच्या पडद्यावरून मुलगा असे सगळे एकाच वेळी समजावू लागतात, आणि कल्लोळात सापडलेला माणूस जे हाताला लागेल ते फेकतो. एकाने बोलावं, बाकीच्यांनी दूर, पण हाकेच्या अंतरावर राहावं. टीव्ही बंद करावा. वाक्यं चार-पाच शब्दांची असावीत, आणि प्रत्येक वाक्यानंतर थांबावं, कारण भडकलेल्या मेंदूला ऐकलेलं पोचायला वेळ लागतो. तेच वाक्य त्याच सुरात पुन्हा म्हणायला हरकत नसते. "शांत व्हा" हे मात्र म्हणू नये. रागावलेला माणूस या दोन शब्दांनी शांत झाल्याचं क्वचितच कोणी पाहिलं असेल.

तिसरं, ऐकणं. काय हवं आहे ते विचारायचं आणि जिथे खरोखर सहमत होता येतं तिथे व्हायचं. चार तास बाकावर बसवून ठेवल्याबद्दल कोणी ओरडत असेल तर "चार तास थांबणं फार झालं, मलाही राग आला असता" हे वाक्य खोटं नसतं आणि त्याने कोणाचा अधिकारही कमी होत नाही. जिथे सहमत होता येत नाही तिथे तसं सांगून वाद टाळायचा. मर्यादाही सांगायची, पण धमकीच्या सुरात नाही: "तुम्ही बोला, मी ऐकतोय. खुर्ची फेकली तर मला इथून जावं लागेल." आणि मग निवड द्यायची. पाणी घेणार की चहा, इथे बसू की बाहेर व्हरांड्यात, गोळी आत्ता घेणार की जेवल्यावर. ज्याच्या हातून सगळे निर्णय गेले आहेत, त्याच्या हाती एक जरी परत दिला तरी त्याची मूठ सैल होते.

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाशी तर्काने बोलून फारसं साधत नाही. तिथे नेओमी फील यांचा मार्ग उपयोगी पडतो. या जर्मनीत जन्मलेल्या समाजसेविकेचं बालपण अमेरिकेत क्लीव्हलँडच्या वृद्धाश्रमात गेलं, कारण तिचे वडील तो चालवत होते. चुकीची दुरुस्ती करण्याऐवजी त्या शब्दांमागच्या भावनेला उत्तर द्यायचं, हे तिच्या पद्धतीचं सार. "हेच तुमचं घर आहे" म्हणण्यापेक्षा "घरची आठवण येतेय? कोण कोण आहे घरी?" असं विचारत दोघांनी व्हरांड्यात चार फेऱ्या मारल्या तर कडी ओढणारा हात आपोआप खाली येऊ शकतो. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' या चित्रपटात मोहन आगाशे यांनी रंगवलेले संस्कृत पंडित चक्रपाणी शास्त्री भरकटत एका हत्तीमागे जातात. त्यांना सांभाळते ती माहुताची बायको चन्नम्मा. ती त्यांच्या विस्मरणाशी भांडत नाही, लेकरासारखं जवळ घेते. अमृता सुभाष यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शुश्रूषा शिकवणाऱ्या प्रत्येक वर्गात तो चित्रपट दाखवावा इतका तो नेमका आहे.

बोलण्यालाही हद्द असते, हे स्पष्टच सांगायला हवं. हातात सुरी असेल, लहान मूल खोलीत असेल, किंवा आपलाच पाय थरथरत असेल तर तिथून निघायचं, दार ओढून घ्यायचं आणि ११२ ला फोन लावायचा. पाळीवरच्या एकट्या बाईने वीरता दाखवावी अशी अपेक्षा ठेवणं अन्यायाचं आहे.

आता पुराव्याचा प्रश्न. हे सगळं खरंच चालतं का? प्रामाणिक उत्तर असं की बोलून शांत करण्याच्या तंत्रावर स्वतंत्रपणे केलेले चांगले प्रयोग अगदी मोजके आहेत. मनोविकारातल्या आक्रमकतेपुरता २०१७ साली झालेल्या कोक्रेन या वैद्यकीय पुराव्यांच्या आढाव्याला तर निकषांत बसणारा एकही प्रयोग सापडला नाही. पण ते तंत्र जेव्हा संपूर्ण वॉर्डाच्या रीतीभातीत मुरवलं जातं, तेव्हा हाती आकडे लागतात. ब्रिटनमधले परिचारिका-संशोधक लेन बॉवर्स यांनी 'सेफवॉर्ड्स' नावाची पद्धत बसवली. लंडन परिसरातल्या १५ रुग्णालयांतल्या ३१ वॉर्डांत तिची चाचणी झाली आणि २०१५ साली निष्कर्ष छापून आले: संघर्षाचे प्रसंग १५ टक्क्यांनी, तर बांधणं, कोंडणं, जबरदस्तीचं इंजेक्शन असे उपाय २६.४ टक्क्यांनी कमी झाले.

यात केलं काय, तर दहा लहान गोष्टी. बरं होऊन घरी जाणाऱ्या रुग्णाने मागे राहणाऱ्यांसाठी चार शब्द लिहून फलकावर लावायचे. कर्मचाऱ्यांनी आपल्या आवडीनिवडी रुग्णांना सांगायच्या, रुग्णांनी त्यांना. पाळी बदलताना प्रत्येक रुग्णाबद्दल काहीतरी चांगलं बोलायचं. आणि ज्याला आज वाईट बातमी मिळणार आहे, सुटी नाकारली जाणार आहे, भाऊ भेटायला येणार नाही, त्याला ती आधी, एकांतात, बसवून सांगायची. यातली एकही गोष्ट महाराष्ट्रातल्या वॉर्डाला न परवडण्यासारखी नाही.

राग येण्याआधी ओळखता येतो, याचंही गणित बसवलेलं आहे. नॉर्वेतल्या ब्रोसेट इथल्या मनोरुग्णालयातून आलेल्या यादीत सहाच खुणा आहेत: गोंधळलेपण, चिडचिड, दंगा, तोंडी धमकी, अंगावर जाण्याचा आविर्भाव आणि वस्तूंवर हल्ला. प्रत्येक पाळीला या सहा खुणा आहेत की नाहीत एवढीच नोंद करायची आणि बेरीज वाढली की आधीच पावलं उचलायची. स्वित्झर्लंडमधल्या १४ वॉर्डांच्या प्रयोगात, २००८ साली, अशा नोंदीमुळे हिंसेचे गंभीर प्रसंग ४१ टक्क्यांनी आणि जबरदस्तीचे उपाय २७ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. ही यादी अर्ध्या कागदावर मावते. मराठीत छापून धरमपेठेतल्या प्रत्येक रुग्णसेवा ब्युरोने आपल्या बायांच्या हाती द्यावी, एवढी ती सोपी आहे.

बांधण्याचा इतिहास नागपूरला परका नाही. इथलं प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ सालचं. ठाणे, येरवडा आणि रत्नागिरीच्या मनोरुग्णालयांआधीचं. त्या काळात जगात बहुतेक ठिकाणी मनोरुग्णांना आवरायचं म्हणजे कोंडायचं आणि जखडायचं हीच रीत होती. शहराच्या बोलण्यात त्या चौकाचं 'पागलखाना चौक' हे नाव अजून टिकून आहे, ते आता जावं. साखळ्या उतरवण्याची गोष्ट सांगताना पॅरिसच्या डॉ. फिलिप पिनेल यांचं नाव घेतलं जातं. पण बिसेत्र रुग्णालयात १७९७ साली प्रत्यक्ष साखळ्या काढल्या त्या झाँ-बाप्तिस्त प्यूसाँ यांनी. ते डॉक्टर नव्हते. त्याच रुग्णालयात उपचार घेऊन बरे झालेले, मग तिथेच व्यवस्थापक झालेले. बऱ्या झालेल्या रुग्णांना ते सेवक म्हणून नेमत, कारण मार खाल्लेला माणूस सहसा मारत नाही, हे त्यांनी पाहिलं होतं. पिनेल यांनी ही रीत त्यांच्याकडून उचलली. पुढे १८३९ पासून इंग्लंडमध्ये हॅनवेल इथे डॉ. जॉन कॉनोली यांनी शेकडो रुग्णांच्या आश्रमात बांधण्याची साधनंच वापरातून काढली.

पुण्यातलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र प्यूसाँच्याच वाटेवरचं. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात ते सुरू केलं. व्यसनातून बाहेर पडलेली माणसंच तिथे नव्या रुग्णांना सांभाळतात. दारू तुटलेल्या माणसाची चिडचिड ज्याने स्वतः भोगली आहे त्याच्या आवाजात जी खात्री असते, ती पदवीने येत नाही. प्यूसाँ, चन्नम्मा, मुक्तांगणचे कार्यकर्ते: शांत करण्याची विद्या वारंवार शुश्रूषेच्या उतरंडीतल्या खालच्या पायरीवर सापडते. पैसा, प्रशिक्षण आणि मान मात्र तिथवर उतरत नाही, हे या विषयाचं खरं दुखणं आहे.

साखळ्यांचा शेवट आपल्याकडे फार मोठी किंमत देऊन झाला. तामिळनाडूत एरवाडी इथे ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे एका खासगी आश्रमाला आग लागली. साखळदंडांनी जखडलेल्या रुग्णांना पळता आलं नाही आणि २८ जण गेले. आज मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ कोणत्याही स्वरूपात साखळीने बांधण्याला बंदी घालतो. त्याचं ९७ वं कलम प्रत्येक वॉर्डात भिंतीवर लावण्यासारखं आहे. एकांतकोठडी पूर्ण बंद. शारीरिक बंधन फक्त तेव्हाच, जेव्हा रुग्णाला किंवा इतरांना होणारी तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा कोणताही मार्ग उरलेला नाही. उपचार करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञाची संमती हवी, कारण, पद्धत आणि कालावधीची नोंद हवी, रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला २४ तासांच्या आत कळवायला हवं. शिक्षा म्हणून किंवा धाक म्हणून बांधायचं नाही. आणि कर्मचारी कमी आहेत म्हणून तर मुळीच नाही. या शेवटच्या अटीचं गांभीर्य सरकारने स्वतःच्या रुग्णालयांत आधी जपायला हवं.

दाबून धरणं हेही निर्धोक नसतं. लंडनमध्ये २०१० साली ओलासेनी लुईस हा २३ वर्षांचा तरुण स्वतःहून मनोरुग्णालयात आला होता. अकरा पोलिसांनी त्याला दीर्घकाळ दाबून धरलं, तो कोसळला आणि काही दिवसांत गेला. त्याच्या आईवडिलांच्या लढ्यातून ब्रिटनमध्ये २०१८ साली बळाच्या वापरावर नियंत्रण आणणारा कायदा झाला. तो त्याच्या नावानेच ओळखला जातो. पालथं पाडून पाठीवर भार देणं जीवघेणं ठरू शकतं, एवढी एक गोष्ट आपल्या प्रत्येक सुरक्षारक्षकाला माहीत असायलाच हवी.

औषध लागतंच, काही वेळा. या बाबतीत भारताने जगाला शिकवलं आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये २००४ आणि २००७ साली भडकलेल्या रुग्णांवरच्या इंजेक्शनांची तुलना करणारे मोठे प्रयोग झाले. स्वस्त आणि जुन्या हॅलोपेरिडॉल-प्रोमेथाझिन जोडीबद्दलचा आजचा विश्वास बऱ्याच अंशी त्यावर उभा आहे. स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांना मात्र अशी औषधं सर्रास देणं धोक्याचं. अमेरिकेच्या औषध नियंत्रकाने २००५ सालीच इशारा दिला की त्यांच्यात नव्या पिढीच्या अशा औषधांनी मृत्यूचं प्रमाण सुमारे १.६ ते १.७ पट होतं. "बाबा रात्री झोपू देत नाहीत, काहीतरी द्या" अशी विनंती डॉक्टरला करण्याआधी कुटुंबाला हे ठाऊक असावं.

कायद्याची नजर घरापर्यंत मात्र पोचत नाही. नातेवाइकांसोबत राहण्याचं घर हे या कायद्याच्या अर्थाने मानसिक आरोग्य आस्थापना नाही, त्यामुळे तिथे तपासणी नाही, नोंदवही नाही. ओढणीने खाटेला बांधलेले हात तिथे कोणाला दिसत नाहीत, बाईच्या दंडावरचे वळही दिसत नाहीत.

रुग्णालयातल्या रागाची दुसरी बाजू नातेवाइकांची. मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात डोक्याला मार लागलेला रुग्ण आला, तिथे मेंदूशल्यतज्ज्ञ नव्हता, दुसरीकडे न्या असं सांगताच जमावाने निवासी डॉक्टरला मारलं. त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. आठवडाभरात मुंबईत सायन रुग्णालयात तसंच घडलं, राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले आणि सरकारने ११०० सुरक्षारक्षक देण्याचं कबूल केलं. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात कायदा २०१० पासूनच आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, नुकसानीच्या दुप्पट भरपाई. तरीही २०१७ घडलं. रक्षक हवेत, कायदा हवा, हल्लेखोराला शिक्षाही हवी. पण 'इथे उपचार होणार नाहीत' ही जगातल्या सर्वांत वाईट बातम्यांपैकी एक आहे, आणि ती गर्दीत, उभ्या उभ्या, रात्रंदिवस जागलेल्या पंचविशीतल्या मुलाने एकट्याने द्यायची अशी आपली व्यवस्था आहे. नागपूरच्या मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत विदर्भाबरोबरच शेजारच्या मध्य प्रदेशातूनही रुग्ण येतात. रात्रभर प्रवास करून आलेल्या अशा कुटुंबाशी बोलायला, त्यांना बसवायला, काय चाललं आहे ते तासातासाने सांगायला नेमलेला माणूस हा दंडुकेवाल्या रक्षकाइतकाच सुरक्षेचा भाग मानला पाहिजे.

प्रसंग निवळल्यावर काय करतात, त्यावर पुढचा प्रसंग ठरतो. मार खाल्लेल्या बाईला तिच्या पाळीतून लगेच मोकळं करावं, तिला कुठे लागलं ते बघावं, आणि "तूच काहीतरी केलं असशील" हे वाक्य कोणीही उच्चारू नये. दुसऱ्या दिवशी शांतपणे तीन गोष्टी वहीत लिहाव्यात: आधी काय झालं, मग काय झालं, त्यानंतर काय झालं. आठ-पंधरा दिवसांच्या नोंदीतून बहुधा एक ठरावीक वेळ, एक ठरावीक काम किंवा एक ठरावीक माणूस पुढे येतं, आणि निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

धरमपेठेतल्या घरांसाठी म्हणून एक विनंती. ब्युरोकडून माणूस घेताना दर ठरवण्याआधी विचारा की तिला भडकलेल्या रुग्णाशी बोलायला कोणी शिकवलं आहे का. नसेल तर तुम्ही तिला एका कागदावर लिहून द्या: काकांना कुठलं गाणं आवडतं, चष्मा आणि कानाचं यंत्र कुठे ठेवलेलं असतं, कुठला गुडघा दुखतो, कशाने चिडतात, कोणाचं नाव घेतलं की निवळतात, आणि रात्री दोन वाजता फोन कोणी उचलायचा. नागपुरातली परिचर्या महाविद्यालयं आणि प्रादेशिक मनोरुग्णालय यांनी मिळून या बायांसाठी दोन दिवसांचा मराठी वर्ग सुरू केला, आणि पैसे ब्युरो व कुटुंबं यांनी वाटून घेतले, तर हे काम याच वर्षी सुरू होऊ शकतं. तोवर १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक आणि वृद्धांसाठीचा १४५६७ हा क्रमांक त्या बाईच्या फोनमध्ये तुमच्या हाताने भरून द्या.